पायाखालचा उजेड

आमच्या धंद्यात माणूस खाली बघून चालतो. सोनाराच्या दुकानात जमिनीवर जो केर पडतो त्यात सोनं असतं. कानशीनं घासलेला कण, तुटलेल्या तारेचं टोक, पॉलिशची धूळ. सोनार तो केर पोत्यात भरून ठेवतो आणि आम्ही गलाईवाले तो विकत घेतो. जाळायचा, धुवायचा, मुशीत आटवायचा, आणि तळाला जे बसतं त्यावर संसार करायचा. मी चौथीतनं शाळा सोडून आटपाडीकडनं मद्रासला आलो, तेव्हा मालकानं पहिल्या दिवशी हातात झाडू दिला आणि सांगितलं, “केर दाराबाहेर जायचा नाही. दारापासनं आत ओढायचा.” तेवढ्या एका वाक्यावर माझं आयुष्य गेलं, आणि बरं गेलं.

तर गोष्ट माझ्या पिकअपची आहे. सोनारांकडची पोती गोळा करून गुम्मिडिपूंडीला आमच्या भट्टीवर न्यायची, हे तिचं काम. भट्टी आता मुलगा बघतो. त्याला कॉम्प्युटर येतो, सरकारी कागद येतात, सगळं येतं. पोती गोळा करायचं काम मात्र मी कुणाला दिलं नाही. सोनार पोत्याला हात लावू देतो तो माणूस बघून.

या पिकअपमध्ये कुणी चप्पल घालून चढायचं नाही, हा माझा नियम. एक तर ती लक्ष्मी. दुसरं, चप्पल रस्त्यावरची घाण आत आणते आणि आतली धूळ बाहेर नेते, आणि पोती चढवून आलेल्या माणसाच्या अंगावरची धूळ म्हणजे साधी धूळ नव्हे. पायाशी जो काही केर पडेल तो मी सीटखालच्या कोपऱ्यात ओढून ठेवतो आणि नवरात्रातल्या आयुधपूजेच्या आधी एकदाच डब्यात भरतो. त्यातनं निघतं किती? मुलगा म्हणतो, डिझेलचाही खर्च निघत नाही. त्याला काय कळतंय.

गाडी मी अनवाणी चालवतो. माझं म्हणणं असं, की बूट घालून ब्रेक दाबणं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणं. तळव्याला गाडी कळली पाहिजे. क्लच कुठं सुटतो, ब्रेक कुठं धरतो, हे मला माझे तळवे सांगतात, असं मी गावभर सांगत आलो.

आणि एका संध्याकाळी अड्यारला मी इळनीरच्या गाडीला धडकलो.

इळनीर म्हणजे शहाळी. धडकलो म्हणजे काय, टेकलो. पण शहाळी गोल असतात, त्यांना तेवढं निमित्त पुरतं. चार रस्त्यावर गेली, दोन बसच्या चाकाखाली फुटली, आणि विकणारी बाई कोयता हातात घेऊनच माझ्या खिडकीशी आली.

“ताता, कण्णु तेरियलया?” डोळे दिसत नाहीत का रे आजोबा, असं तिनं अख्ख्या चौकाला ऐकवलं.

मी खाली बघितलं. पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसली होती. दिवेलागणीची वेळ, आत अंधार. मी बाटली उचलून तिला दाखवली. “डोळ्याचा नव्हे, हिचा गुन्हा.”

“मग बाटलीला गाडी चालवायला कशाला दिलीस?” ती म्हणाली.

मी तिची भरपाई केली आणि वर एक शहाळं पिऊन घरी आलो. पण बातमी माझ्या आधी पोचली होती. अड्यारच्या सोनारानं मुलाला फोन केला होता. हे सोनार तोंडानं सैल असतात.

आम्ही पेरुंगुडीला बिल्डिंगमध्ये राहतो, सातव्या मजल्यावर. मुलगा दारातच उभा होता.

“आबा, बास झालं. चावी द्या.”

“कुणाला?”

“मला. ड्रायव्हर ठेवू. आज शहाळी होती, उद्या माणूस असंल.”

मी चावी मुठीत धरली. आता सांगतो, गाडी गेली की माझं काय उरतं? सोनाराकडं जायचं बंद, चहा बंद, बोलाचाली बंद. सातव्या मजल्यावर बसून खालच्या मोटारी मोजायच्या. त्या मुठीत चावी नव्हती, माझा दिवस होता. पण हे बोलायचं नसतं. मी म्हणालो, “माझे डोळे चांगले हायत. गाडीत पायाशी उजेड न्हाई, हा दोष गाडीचा.”

“आणि पाय?” तो म्हणाला. “साखर किती आली होती मागल्या वेळी?”

“साखरेचा आणि ब्रेकचा काय संबंध?”

आमची सूनबाई मध्ये पडली. ती तंजावरकडची. तिच्या घराण्याची मराठी इतकी जुनी, की मला ती ‘मामंजी’ म्हणते. आमच्या गावात आता कुठली सून असं म्हणते? मध्ये मध्ये तमिळ येतं, सूर तर सगळाच तमिळ, पण ‘मामंजी’ म्हटलं की माझा अर्धा राग उतरतो, आणि हे तिला ठाऊक आहे. ती नवऱ्याला म्हणाली, “उजेड नाही म्हणतात तर उजेड लावून बघूं दे की हो. मग तुम्ही शेजारी बसा. अड्यारला जाऊन पोतं घेऊन परत यायचं, दिवेलागणीलाच. नीट चालवली तर चावी मामंजींची. नाही तर तुमची. त्यावर कोणी बोलायचं नाही.”

मुलगा कबूल झाला. मीही झालो. जिंकणार कोण ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुदुपेटला गेलो. तिथं गल्लीच्या गल्ली गाड्यांच्या सामानाची. मी दुकानदाराला म्हणालो, पायाशी लावायला साधा पांढरा एलईडी दे. त्यानं एक डबा काढला. त्यात चार पट्ट्या, वायरचं भेंडोळं आणि एक रिमोट.

“सोळा रंग आहेत, अय्या. निळा, जांभळा, गुलाबी.”

“मला पांढरा पाहिजे.”

“यातच पांढरा पण आहे. आणि म्युझिक मोड. गाणं लावलं की लाइट नाचतो.”

“मी पोती वाहतो. नाचतो कुठं?”

पण साधं त्याच्याकडं काहीच नव्हतं. दोन पट्ट्या ड्रायव्हरच्या पायाशी, दोन शेजारच्याच्या, असं त्यानं समजावलं. मी म्हटलं, शेजारी कोण बसतं माझ्या, दोनच दे. तो म्हणाला, डबा फोडता येत नाही. घेतला. गावी फोन करून कारभारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “लाइटिंग? गाडीत गणपती बसवताय का?”

रविवारी खाली पार्किंगमध्ये मी कामाला बसलो. बसलो म्हणजे दार उघडून जमिनीवर आडवा झालो आणि डोकं स्टिअरिंगच्या खाली घातलं. सूनबाई बॅटरी धरायला आली होती. मोबाइलचीच बॅटरी. वॉचमन लांबनं बघत होता, मोटारवाले पाय वाचवत पलीकडनं जात होते.

फ्यूजच्या डब्यातनं वीज घ्यायची, मध्ये एक बटण टाकायचं, तिथनं चारी पट्ट्यांना वायर न्यायची. एवढंच काम. वायर पायात येता कामा नये, म्हणून डॅशच्या आतनं फिरवायची आणि जागोजाग प्लास्टिकच्या टायनं आवळायची. वायरी एकमेकींना जोडायला दुकानदारानं प्लास्टिकच्या टोप्या दिल्या होत्या, दाबून बसवायच्या. त्या मी वॉचमनला दिल्या. मी सोन्याला डाग देणारा, म्हणजे झाळून जोडणारा माणूस. सोळा वर्षांचा होतो तेव्हा नथीच्या तारेला असा डाग द्यायचो की जोड कुठं आहे ते सोनाराला सापडायचं नाही. तांब्याच्या वायरीला मी टोप्या घालू? घरून डाग द्यायचा कैया आणला, वायरी सोलल्या, पीळ दिला, डाग दिला. सोलताना तांब्याचे बारीक तुकडे खाली पडत होते.

“असा जोड दुकानदाराच्या बापाला जमणार न्हाई,” मी म्हणालो.

“नाही जमणार, मामंजी,” सूनबाई म्हणाली. “आता बटण दाबूं?”

दाबलं. काही नाही.

“दुकानदारानं फसवलं!” मी आतनं ओरडलो. “डबा फोडत न्हाई म्हणाला तेव्हाच कळलं मला.”

“लाल-काळी उलटी तर नाही झाली?”

“उलटी-सुलटी काय? बल्ब कसाही लावला तरी पेटतो. मी तुझ्या जन्माआधीपासनं बल्ब लावतोय.”

“बल्ब पेटतो. ह्याला मात्र उलटं चालत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“डब्यावर लिहिलंय.”

डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला काय, तो काहीही लिहितो. मग मला एकदम तहान लागली आणि मी तिला चहा आणायला वर पाठवलं. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला तसा मी कैया तापवला, डाग सोडवला आणि लाल-काळी बदलली. ती कप घेऊन खाली आली तेव्हा पायाशी असा उजेड पडला होता, की मॅटवरची मातीसुद्धा मोजून घ्यावी.

“पेटलं!” ती म्हणाली.

“पेटणारच. वायर जरा आळसावली होती.”

तिनं मॅटवर वाकून बदललेला जोड पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “चहात साखर नाही घातली हो.” एवढंच. चांगल्या घरची आहे.

मग ती रिमोट घेऊन बसली. पाय निळे झाले, जांभळे झाले, गुलाबी झाले. मी ओरडलो, “पांढरा कर!” तर उजेड लपलपला. पुन्हा ओरडलो, पुन्हा लपलपला. तो म्युझिक मोड होता. आवाजावर नाचतो. मी जितका ओरडेन तितका तो नाचे. सूनबाई गाडीच्या दाराला धरून हसत होती, वॉचमन खुर्चीत वाकला होता. शेवटी मी गप्प बसलो तेव्हा उजेडही गप्प बसला. माझं तोंड बंद करणारी अशी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा भेटली.

पट्ट्यांच्या पाठीची चिकटपट्टी मात्र इथल्या उकाड्यात टिकेना. लावावी तर तासाभरात पट्टी लोंबकळे. स्पिरिटनं पुसून, वर केबल टाय आवळून मी त्या पक्क्या केल्या. डाव्या बाजूच्या दोनही लावल्या. कुणी बसो न बसो, विकत घेतलेलं फुकट कसं घालवायचं?

काम संपल्यावर सूनबाईनं झाडू आणला. “मामंजी, मॅट झाडून काढतें. वायरीचे तुकडे पडलेत.”

“हात लावू नको!” मी म्हणालो. “या गाडीतला केर बाहेर जात न्हाई.”

“तांबं आहे हो ते, सोनं नव्हे.”

“तांब्याबरोबर काय जाईल ते तुला दिसतंय का? कोपऱ्यात ओढून ठेवतो मी.” आणि हातानं सगळा केर सीटखालच्या कोपऱ्यात ओढला, दर वेळी ओढतो तसा. तिनं झाडू परत नेला.

परीक्षेच्या दिवशी मुलगा शर्ट खोचून शेजारी येऊन बसला, जसा आरटीओचा साहेबच. बूट बाहेर काढून ठेवावे लागले, ते हातात धरून बसला होता. मी बटण दाबलं. सूनबाईनं उजेड आधीच मंद करून दिला होता, म्हणजे काचेत त्याची झळक येणार नाही. दोघांच्याही पायाशी चांदणं सांडल्यासारखं झालं.

“दिसतंय?” मी विचारलं.

“दिसतंय,” तो म्हणाला.

“बाटली हाय कुठं?”

“न्हाई.”

“मग झालं तर.”

आणि मी गाडी काढली. काय सांगू, त्या संध्याकाळी मी जशी गाडी चालवली तशी तिशीतही चालवली नसेल. आयटीवाल्यांची सुटायची वेळ. डावीकडनं स्कूटर, उजवीकडनं बस, मध्येच एक माणूस म्हैस घेऊन. मी कुणाला हॉर्न दिला नाही, कुणाचा खाल्ला नाही. सिग्नलला रेषेच्या मागं थांबलो, मद्रासमध्ये हे बघायला लोक जमतात. अड्यारला सोनाराकडनं पोतं घेतलं, त्याला जाता जाता ऐकवलं की पुढच्या वेळी फोन करायचा तर मला कर. शहाळीवाली त्याच जागी उभी होती. तिच्या गाडीला हातभर जागा सोडून मी पिकअप अशी वळवली, की तिनं कोयता वर करून सलाम केला.

“बघितलंस?” मी मुलाला म्हणालो.

तो रस्त्याकडं बघतच नव्हता. खाली बघत होता, माझ्या पायांकडं. शेवटी गलाईवाल्याचं पोर.

“आबा, गाडी बाजूला घ्या.”

“का? काय चुकलं?”

“काय न्हाई चुकलं. बाजूला घ्या.”

“चुकलं न्हाई तर थांबू कशाला? हरलास तर हरलास म्हण!”

“आबा,” तो म्हणाला, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटेना. “ब्रेककडं बघा.”

मी गाडी कडेला लावली आणि बघितलं. ब्रेकचं पॅडल लाल होतं. मॅटही लाल. चारी पट्ट्यांच्या उजेडात काही लपायला जागाच नव्हती, इतकं चांगलं काम मी केलं होतं. उजवा पाय उचलून मांडीवर घेतला, तर तळव्यात तांब्याच्या तारेचा एक तुकडा रुतला होता. आखूड, जाड, मीच सोललेला. गाडी वळताना कोपऱ्यातला केर घरंगळत पुढं आला असणार.

“कधी लागलं?” मुलानं विचारलं.

मला माहीत नव्हतं.

त्यानं हातातले बूट खाली ठेवले, उतरून माझ्या बाजूला आला, रस्त्यावर उकिडवा बसला आणि माझा पाय हातात घेऊन तो तुकडा नखानं काढला. मी बघत होतो. दुसऱ्याच कुणाच्या पायातला काढतोय असं वाटत होतं. दुखलं असतं तर मी शिवी दिली असती, आणि शिवी दिली असती तर सगळं ठीक झालं असतं.

तेव्हा मला ती बाटली आठवली. अंधार होता हे खरं. पण माझे तळवे ना सगळं सांगतात? बाटली पायाखाली होती आणि तळव्यानं मला काही सांगितलं नव्हतं. बिचारा किती दिवस गप्प होता कोण जाणे, आणि मी त्याच्या भरवशावर गावभर बोलत होतो.

मुलानं रुमाल बांधला. चावीबद्दल एक शब्द काढला नाही. शर्त मी जिंकली होती आणि तो ती मोडणार नव्हता, तो माझाच मुलगा. म्हणून मग मीच चावी फिरवून काढली आणि त्याच्या खिशात टाकली.

“नीट चालवली ना मी?”

“एक नंबर.”

“ते सोनाराला सांग. फोन कर त्याला.”

“करतो,” तो म्हणाला. मग मी लंगडत पलीकडच्या बाजूला गेलो आणि दार उघडलं. शेजारी कोण बसतं माझ्या, असं मी दुकानदाराला म्हणालो होतो. दोन पट्ट्या तिथं तेवत होत्या.

ड्रायव्हर काही ठेवला नाही. अनोळखी माणूस माझ्या पोत्यांजवळ मला नको होता. आठवड्यातनं दोन संध्याकाळी मुलगाच भट्टीवरनं लवकर येतो आणि आम्ही फेरी मारतो. तो चालवतो, मी सांगतो. डॉक्टरीणबाईंनी अनवाणी फिरायची सक्त मनाई केली, म्हणून सूनबाईनं एक मऊ चप्पल आणली, ती फक्त गाडीत घालायची, जमिनीला कधी लावायची नाही. असा नियम काढला म्हणजे माझा नियमही राहिला. आयुधपूजेला तिनं चपलेलासुद्धा चंदन लावलं. त्या आधी सीटखालचा केर भरताना तांब्याचे तुकडे मी स्वतः वेचून वेगळे काढले. बाकीचा डब्यात. तो बाहेर जाणार नाही म्हणजे नाही.

परवा अड्यारला शहाळीवालीनं गाडी ओळखली. मी दार उघडलं, पायाशी पांढरा उजेड, पायात चंदन लावलेली चप्पल. तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

“ताता, मोठा साहेब झालास! ड्रायव्हर ठेवला?”

“ड्रायव्हर कुठला,” मी म्हणालो. “शिकाऊ आहे. चुकतो अजून.”

मुलगा हसला आणि गाडी काढली. पुढं बस अचानक थांबली, त्यानं ब्रेक लावला, बरोबर लावला. त्याच वेळी माझ्या उजव्या पायानंही रिकाम्या मॅटवर करकचून ब्रेक दाबला. उजेडात त्याला ते दिसलं.

“लागला का, आबा?” त्यानं विचारलं.

“लागला म्हणूनच थांबली,” मी म्हणालो.